विकल्या मशीनला तेल

११ फेब्रुवारी

भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. दूधवाल्याचा भाऊ तुमच्या शेजारच्या खाटेवर झोपतो, हे परवा बोलता बोलता कळलं. पत्ता त्याच्याकडूनच घेतला. आठ महिन्यांत चार ओळी लिहायला हात मोडले होते का, असं विचारणार नव्हते. पण विचारलं असं समजा.

संप मिटला. वीस जानेवारीला फाटक उघडलं. मागण्यांपैकी एकही मान्य झालेली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. सगळ्यांना एकेक कागद सही करायला दिला, यापुढे शिस्तीत वागू असा. तुमच्या दादांनी तो रांगेत उभं राहून अख्खा वाचला. मागचे लोक वैतागले. कुणीतरी म्हणालं, अहो, लग्नाची पत्रिका आहे का ती? मग त्यांनी सही केली. घरी आले ते बूट न काढताच बसून राहिले. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली आहेत, यावरून ओळखा किती वाळलेत ते.

पहिले चार दिवस नुसती साफसफाई चालली होती. क्रेनवर कबुतरांनी घरटी केली होती, लेथ गंजून लाल झाल्या होत्या. सगळ्यांना रॉकेल आणि चिंध्या दिल्या. साडेचौदा महिने फाटकाबाहेर बसलेली माणसं आत जाऊन पंप बनवतील असं मला वाटलं होतं, तर ती कबुतरांची घाण खरवडत बसली. प्रत्येक मशीनच्या पायाशी पांढऱ्या रंगाने नंबर घातलेत म्हणे. ह्यांच्या लेथवर सतरा. लोक म्हणतात मोजदाद केली असेल. मोजतायत म्हणजे चालवणार, असंही म्हणतात.

आता मुद्द्याचं सांगते. तुमचं नाव अजून हजेरीपटावर आहे. महिनाअखेरपर्यंत येऊन सही केली तर घेतील. गेल्या जूनमध्ये तुम्ही ताडपत्रीखाली लपून ट्रकमधून आत कामाला गेलात आणि तो ट्रक अडवायला नेमके तुमचे दादाच उभे होते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुमच्याबरोबरच्या अकरा जणांशीही लोक अजून बोलत नाहीत. पण आता सगळेच आत गेलेत. एकाने आधी मान खाली घातली, बाकीच्यांनी नंतर, एवढाच काय तो फरक.

मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. तुमची वळकटी ह्यांनी दाराबाहेर ठेवली तेव्हा मी मध्ये पडले नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलंय. छोटी आता चौथीत आहे. काका कधी येणार म्हणून विचारायचं तिने सोडून दिलंय.

तुमची,
वहिनी

२१ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं, दोनदा वाचलं.

मी बरा आहे. इथे एका मोठ्या दवाखान्यात लिफ्टवर आहे. बसायला स्टूल दिलंय. दिवसभर वर जातो, खाली येतो, पोचत कुठेच नाही. लेथवरच्या टर्नरच्या हाताला बटणं दाबायचं काम म्हणजे पहिलवानाला लसूण सोलायला बसवल्यासारखं आहे. पण जेवण दवाखान्यातच मिळतं आणि कुणी मागचं विचारत नाही.

मी सहीला येणार नाही. राग धरून बसलोय असं नाही. मला आता त्या फाटकातून जायचंच नाही. कुठल्याच बाजूने नाही.

दादाला सांगता आलं तर सांगा, दुसरीकडे काम बघ म्हणावं. आत्ताच बघ. स्टेशनामागे ते मोटार दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे एक जुनी लेथ आहे, त्यांना चांगला माणूस हवाच असतो. सगळे एकदम शोधायला लागले की मिळणार नाही. हे मी सांगितलं असं मात्र सांगू नका.

नंबर मोजणीचेच असतील. त्यात फार खोल जाऊ नये.

छोटीला खाऊसाठी काही पाठवता आलं नाही.

तुमचा,
भाऊजी

९ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी नोटीस लागली. तीस एप्रिलला कारखाना बंद. तोवर अर्धवट राहिलेले पंप पुरे करायचे, आणि एकेक खातं रिकामं होईल तशी तिथली मशीनं उतरवून खोक्यांत भरायची. उतरवायची कुणी? तर ज्यांनी चालवली त्यांनीच.

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं दगडफेक होईल, म्हणून छोटीला शाळेतून लवकर आणलं. पण माणसं नोटीस वाचून सरळ आपापल्या जागेवर गेली. पॅकिंगमधली आक्का तुम्हाला आठवत असेल, जिचा नवरा भट्टीवर होता आणि वारला, ती. ती नोटिशीसमोर बराच वेळ उभी होती. नंतर म्हणाली, चष्मा घरी राहिला, कुणीतरी वाचून दाखवा. वाचून दाखवल्यावर म्हणाली, मला वाटलंच मी नीट वाचलंय.

ह्यांनी घरी येऊन एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून ती जात नाही. लेथ उतरवायच्या आधी ह्यांनी पाया पुसला. पांढऱ्या सतरावर धुळीचा आणि तेलाचा जाड थर होता. थर रंगाच्या वर होता, खाली नव्हता. ह्यांनी नखाने खरवडून पाहिलं. म्हणाले, हा रंग जानेवारीचा नाही. आपण बाहेर बसलो होतो तेव्हाच केव्हातरी कुणीतरी हे नंबर घातलेत.

मी तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. दुसरीकडे काम बघ म्हणावं, आत्ताच बघ. नोटीस लागायच्या आधीचं पत्र आहे ते, भाऊजी.

तुम्ही जूनमध्ये नऊ दिवस आत होता. तिथे काय पाहिलंत?

वहिनी

२६ मार्च

भाऊजी,

उत्तर नाही. दूधवाल्याकडून कळलं की तुम्ही बरे आहात आणि कामाला जाता. म्हणजे पत्र पोचलंय.

मी भांडायला लिहीत नाही. माझ्यात तेवढं त्राणही नाही. काय ते सांगा म्हणजे झालं.

वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे शेवटपर्यंत लिहितो, मग वाचून न बघताच टाकतो.

आम्ही बारा जण आत गेलो तेव्हा मला वाटलं होतं मशीनवर उभं करतील. मी पैशासाठी गेलो असं लोक म्हणतात. पैसे लागत होतेच, ते कुणाला लागत नव्हते? पण खरं सांगायचं तर आठ महिने हात रिकामे राहिल्याने मी वेडा व्हायची वेळ आली होती. रस्त्यावर कुणाची सायकल वाजत असली तरी वाटायचं, थांब, तेवढा नट आवळून देतो. मला काम हवं होतं. तेवढंच कारण. मोठं काही नाही.

आत गेल्यावर सुपरवायझरने माझ्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश दिला. एक यादी दिली. नंबर मी घातलेत, वहिनी. एक ते चौऱ्याहत्तर. दादाची सतरा नंबरची लेथही मीच रंगवली. तिच्या पट्टीवर गंज चढायला लागला होता, म्हणून जाता जाता तेलाची कुपी घेतली आणि चार थेंब सोडले. सवयीने हात गेला. सुपरवायझर मागे उभा होता. हसला आणि म्हणाला, विकल्या मशीनला तेल कशाला घालतोस?

मी विचारलं, विकल्या म्हणजे? तो म्हणाला, सौदा झाला, तिकडची जागा तयार झाली की हलवणार. तुमचे लोक बाहेर बसलेत ते बरंच आहे, तेवढा पगार वाचतो.

त्यानंतर तीन दिवस मी नंबर घालत राहिलो. रात्री आम्ही आतच झोपायचो. दहाव्या दिवशी मी बाहेर पडलो. घरी आलो ते हेच सांगायला, आणि वळकटी दाराबाहेर होती.

वळकटी बाहेर होती म्हणून मी न सांगता गेलो, असं मी नऊ महिने स्वतःला बजावतोय. ते खरं नाही. दार उघडंच होतं. दादा आत बसलेला मला दिसत होता. मला राग आला. मनात म्हटलं, बसा मग. बसा उपाशी फाटकावर, मी सांगणार नाही. बसमध्ये बसेपर्यंत तो राग होता. मग उतरला. पण तेव्हा वाटलं, आता लिहिलं तर कोण खरं मानणार? ताडपत्रीखालून गेलेल्याचं कोण ऐकतं? मग एक महिना गेला, दुसरा गेला. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं.

मी तेव्हा बोललो असतो तर सात महिने वाचले असते. सहाशे घरांचे. तुमच्या घराचेही.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

भाऊजी

१२ एप्रिल

भाऊजी,

पत्र वाचून तांदळाच्या डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी भात टाकताना पुन्हा हाताला लागलं, पुन्हा वाचलं. असे चार दिवस गेले.

त्या सात महिन्यांत मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर आधी खाट विकली, मग पंखा. दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश शिवले, ते दिवस सरल्यावर दोन घरी धुणंभांडी केली. ह्यांना सांगितलं शिवणाचंच काम आहे. तेही बिचारे मान हलवायचे. हाताला साबणाचा वास यायचा, पण तो आम्हा दोघांनाही येत नव्हता असं आम्ही ठरवून टाकलं होतं. तेव्हा मी रोज म्हणायचे, एवढे दिवस काढलेत, आणखी थोडे काढू, फुकट जाणार नाही.

फुकटच गेले म्हणायचे.

तुमच्यावर रागवायला बसले की मला ती वळकटी आठवते आणि राग अर्ध्यात थांबतो. मग ह्यांच्यावर रागवते. तेही अर्ध्यातच थांबतं. शेवटी भांडी आपटते.

काल मी पत्र ह्यांच्या हातात दिलं. उभ्या उभ्या वाचलं. घडी घातली आणि खिशात ठेवलं. बाहेर गेले ते दोन तासांनी आले. मला वाटलं आता तुमच्या नावाने आकाशपाताळ एक करतील. ते पाटावर बसले. जेवले. हात धुऊन म्हणाले, कागद आहे का?

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. डिंकाने बंद करून दिली आणि म्हणाले, तू वाचू नकोस. मी वाचलेली नाही. मन फार झालं होतं.

वहिनी

११ एप्रिल

चिरंजीव भावास,

पत्र लिहायची मला सवय नाही. समजून घे.

तुझं पत्र वाचलं. तू रागाने सांगितलं नाहीस, ते वाईट केलंस. पण तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. फाटकावर सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं असतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला कसं कळलं ते सांगतो.

सप्टेंबरात हजेरीचे कारकून मला न्हाव्याच्या दुकानामागे भेटले. रिटायर व्हायला त्यांना तीन महिने राहिले होते. म्हणाले, मशीनं विकली गेलीत, कागद मी डोळ्यांनी पाहिलाय, माणसांना घरी ने, दुसरं काही बघू देत. मी त्यांना मालकाचा दलाल म्हणालो. गचांडी धरली. त्यांनी हात सोडवला नाही. तसेच उभे राहून म्हणाले, मला यात काय मिळणार, तूच सांग.

तेव्हाच मला कळलं की हे खरं आहे.

त्या महिन्यात सभेत मी तीनदा बोलायला उठलो. एकदा पुढारी म्हणाला, बोला मास्तर. समोर सगळे बसलेले. आक्का पहिल्याच ओळीत. मी म्हणालो, एकजूट ठेवा. टाळ्या पडल्या. खाली बसलो.

तू नऊ दिवस आत गेलास तर मी तुझं अंथरूण बाहेर टाकलं. मी चार महिने सगळ्यांना बाहेर बसवून ठेवलं, माझं कुणी काय टाकलं? आपण हरलो, हे सांगायची मला लाज वाटली. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तुझ्या वहिनीला हे माहीत नाही. तिच्या हाताचा साबणाचा वास मला रोज येत होता.

आता सांगू की नको? पंधरा-वीस दिवसांत सगळे आपापल्या वाटेने जातील. झाकली मूठ आहे. आयुष्यात तुला कधी काही विचारलं नाही. आता विचारतो. तू सांग.

दादा

१९ एप्रिल

दादा,

नमस्कार.

पत्र लिफ्टमध्ये वाचलं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई उतरायची राहिली, तिला वर नेऊन परत आणावी लागली.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आधी वहिनींना सांग. माझं ऐकलंस तर आजच. त्या माझ्यावर जेवढ्या रागावल्या त्याच्या दुप्पट तुझ्यावर रागावतील, आणि तो राग बरोबरच असेल. मग लोकांना सांग. त्यांना काय वाटेल ते वाटू दे. न सांगता माणूस कसा राहतो ते मी नऊ महिने इथे बघितलंय. वर-खाली करत राहतो, दुसरं काही नाही.

माझं नावही घे. नंबर मी घातले हेही सांग. तू एकटा उभा राहू नकोस. मला तीस तारखेची रजा मिळतेय, सकाळच्या गाडीने येतो. मी आल्यावर सांगितलंस तर शेजारी उभा राहीन.

तुझा धाकटा

२८ एप्रिल

भाऊजी,

तुमच्यासाठी ते थांबले नाहीत. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला सांगितलं. मी पोळपाट धुवत होते. ऐकून घेतलं, पोळपाट धुऊन झाला, तो पुन्हा धुतला. त्यानंतर तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. छोटी मध्ये बसून निरोप द्यायची, बाबांना म्हणावं पाणी तापलंय, आईला म्हणावं टॉवेल दे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, मला अभ्यास आहे, तुमचं तुम्ही बोला. मग बोललो. सगळं निस्तरलं असं नाही. पण आता धुण्याभांड्यांचं काम मी उघड करते, आणि शिवण म्हणत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लोकांना सांगितलं. मी तिथे नव्हते, त्यांच्या तोंडून जेवढं निघालं तेवढं लिहिते. खोक्यावर चढून बोलले नाहीत, खालीच उभे राहिले. सप्टेंबरात कळलं होतं, सांगितलं नाही, एवढंच आधी सांगितलं. मग तुमचं. तुम्ही जूनमध्ये काय पाहिलंत ते. काहींनी डबे बंद केले. मागून साचे भरणारा एक मोल्डर म्हणाला, मास्तर, आम्हालाही कुठेतरी वाटतच होतं, पण कुणी म्हणत नव्हतं म्हणून आम्हीही म्हटलं नाही. पुढाऱ्याचं नाव घेऊन दोघेतिघे काहीतरी बोलले. पुढारी तर केव्हाच दुसऱ्या गावी गेलाय.

आक्का उठली. तिची मुलगी नर्सिंग शिकत होती ना, तिचं नोव्हेंबरात सुटलं. फी नव्हती. आता ती दुकानात साड्यांच्या घड्या घालते. आक्का ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हे म्हणतात, ती थोबाडीत मारेल असं वाटलं, आणि मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली,

“हे मला सांगायला नको होतंस. इतके दिवस मी नशिबाला बोल लावत होते. नशीब काही घरी येत नाही, पाणी मागत नाही. तू तर रोज दिसतोस.”

आणि जेवण तसंच टाकून निघून गेली.

घरी आल्यावर हे म्हणाले, चुकलं का माझं? मी म्हटलं, आता चुकलं नाही. सप्टेंबरात चुकलं.

काल आणि आज कुणी त्यांच्याशी बोललं नाही. आज लेथचे सुटे भाग भरायचे होते. एका खोक्याला दोन माणसं लागतात. हे एका बाजूने वाकून उभे राहिले, आणि दुसऱ्या बाजूला कुणी येईना. सगळ्यांनाच एकदम आपापली कामं आठवली. बराच वेळ ते तसेच वाकून होते म्हणे, सरळ उभं राहायचीही लाज वाटली. मग पॅकिंगच्या टेबलाकडून आक्का आली. पदर खोचला, दुसरी बाजू धरली आणि म्हणाली, “उचल. पाळी संपत आली.” दोघांनी मिळून सहा खोकी ट्रकपर्यंत नेली. मग ती टेबलाकडे परत गेली.

भाऊजी, ती माफ करील असं मला वाटत नाही, आणि तिने करावं असंही आम्ही दोघं म्हणत नाही.

दूधवाला उद्या त्याच्या भावाकडे यायला निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देते. तुम्ही तीस तारखेला या. लोक तुमच्याशीही बोलणार नाहीत, तेवढी तयारी ठेवून या. उरलेली खोकी अकरा आहेत आणि ह्यांची कंबर धरली आहे. तुमचं नाव पटावर नाही, पण फाटकावरचा माणूस आता कुणाला अडवत नाही. हे म्हणतात, त्याला पुढच्या फाटकाने घेऊन येईन, मी बाहेर उभा असेन.

तुमची,
वहिनी